गाडी टायर का खाते? ऑफसेट, टो आणि कापलेल्या स्प्रिंग

प्रश्न : माझ्या पोलोला ३० मिलिमीटरच्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या आणि ७जे × १६, ईटी ३५ अलॉय बसवले. टायर २०५/५० आर१६. आधीचं चाक ६जे × १५, ईटी ४० होतं, टायर १८५/६० आर१५. आता पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला तारा दिसेपर्यंत झिजलेत. बाहेरून पाहिलं तर नवे वाटतात. टायरवाला म्हणतो ऑफसेट चुकला, दुसरे रिम घ्या. घेऊ का? (पिंपरी)

तारा दिसत असतील तर टायर आजच बदला, त्यावर एक्सप्रेस-वेला जाऊ नका. रिम मात्र थांबू द्या.

ऑफसेट रिमवर ‘ईटी’ असा लिहितात : रिमची मध्यरेषा आणि हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं तो) टेकणारी बाजू यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. पण रुंदीही बदलली असेल तर नुसती वजाबाकी चालत नाही. तुमचं रिम एक इंचाने, म्हणजे २५.४ मिलिमीटरने रुंद झालं. त्यातले १२.७ आत गेले, १२.७ बाहेर. ईटी ५ ने कमी, म्हणून सगळं चाक ५ बाहेर सरकलं. हिशेब असा : रिमची बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर, आतली कड ७.७ मिलिमीटर आत. टायर फेंडरच्या ओठाला किंवा त्याच्या आतल्या प्लास्टिक लायनरला घासतो तो या आकड्यांमुळे. बेअरिंगवर ताण थोडा वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंग जास्त ओढतं. पण रस्त्यावर टेकलेला टायर एकाच कडेने झिजवण्याचं काम ऑफसेटचं नाही. टायर घासून आतल्या बाजूला चट्टे पडलेत का, तेवढं मात्र पाहून घ्या. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब) आणि टायर यांत किमान ५ मिलिमीटर जागा हवी.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते. गाडी खाली बसली की सस्पेन्शनचा खालचा आर्म एका कमानीत फिरतो आणि टायरॉड (चाक वळवणारा स्टेअरिंगचा दांडा) दुसऱ्या. दोन्ही कमानी जुळत नाहीत, म्हणून चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळतं. सोबत चाकाचा वरचा भाग आत झुकतो, तो निगेटिव्ह कॅम्बर. टो बाहेर आणि कॅम्बर निगेटिव्ह, ही जोडी जमली की आतली कड सर्वांत आधी संपते. एकूण टो ३० मिनिटं (अंशाचे साठावे भाग) चुकला तर प्रत्येक चाकाला १५ मिनिटं येतात, म्हणजे पाव अंश. या कोनात चालणारा टायर दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवा फरफटतो. उलट, टो नीट असेल तर उणे एक ते दीड अंश कॅम्बर टायर बिनतक्रार सहन करतो.

ओळखायचं कसं? तारा नसलेल्या जागी तळहात टायरवरून आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो. टोचत नाही, नुसताच उतार पडलाय, तर कॅम्बर. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट डबरे असतील तर शॉकअप गेलेत, तिथे अलाइनमेंट करून उपयोग नाही.

नव्या स्प्रिंग साधारण ५०० किलोमीटरमध्ये बसतात, त्यानंतर अलाइनमेंट करा. हवा बरोबर, टाकी अर्धी, डिकी रिकामी. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या. मशिनच्या पडद्यावर ‘हिरवं आलं’ एवढ्यावर पैसे देऊ नका, कारण कंपनीची हिरवी मर्यादा रुंद असते. पुढचा एकूण टो शून्य ते १० मिनिटं आत, डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक ३० मिनिटांच्या आत, असं स्पष्ट सांगा.

कॅम्बर जास्तच निघाला तर पोलोत एक अडचण आहे. तिचा स्ट्रट खालच्या हाउसिंगमध्ये घुसवून एका बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे बाजारातले कॅम्बर बोल्ट (कॅम्बर बदलता येणारे खास बोल्ट) तिथे बसतच नाहीत. सबफ्रेम (खालचे आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) सैल करून किंचित सरकवता येते, पण एका बाजूला मिळालेलं दुसऱ्या बाजूचं जातं. दोन्हीकडे हवं असेल तर वरच्या माउंटला कॅम्बर प्लेट, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक सरकवू देणारी प्लेट. ज्या गाड्यांत स्ट्रट नकलला (हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टने जोडलेला असतो, त्यांना मात्र कॅम्बर बोल्ट हा स्वस्त आणि चांगला उपाय.

टायर बदलतोच आहात, तर मापही बदला. मूळ टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर, तुमचा ६११. १९५/५० आर१६ घेतलात तर ६०१ येतो आणि फेंडरच्या कमानीत जागा मोकळी होते. साइडवॉलवर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८४ आहे का पाहा. ८४ म्हणजे ५०० किलो. २०५/४५ आर१६ अनेकदा ८३ मध्ये मिळतो, म्हणजे ४८७ किलो, शिवाय व्यास ५९१. तो नको.

प्रश्न : नवे अलॉय बसवल्यापासून ऐंशीच्या वर स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग तीनदा झालं. गाडी पोलोच. (सातारा)

हब रिंग आहेत का? पोलोचा हब ५७.१ मिलिमीटर, आणि बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुधा मोठं असतं. मधली पोकळी रिंगने भरली नाही तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही. बॅलन्सिंग मशिनवर ते शंकूवर बसून आपोआप मध्यावर येतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खाली गोल असतं, बाहेरच्या बऱ्याच अलॉयला ६० अंशाची शंकूसारखी बैठक लागते. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत कडेवरच टेकतो आणि चालता चालता सैल होतो. एम१४ × १.५, शंकू बैठकीचे, योग्य लांबीचे बोल्ट घ्या, टॉर्क १२० न्यूटन-मीटर, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) असेल तर बोल्ट हाताने फिरवून आटे मोजा : या बोल्टला दहा पूर्ण फेरे हवेतच. कमी भरले तर लांब बोल्ट, नाहीतर स्पेसर काढा.

प्रश्न : स्प्रिंगचा दीड वेढा कापून गाडी खाली घेतली तर? मिस्त्री फक्त मजुरी घेतोय. (नाशिक)

नको. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. वेढे कमी झाल्याने ती थोडी कडक होते, पण गमावलेल्या हालचालीची भरपाई होण्याइतकी नाही, म्हणून प्रत्येक स्पीडब्रेकरवर शॉकअप बंपस्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या रबरी अडसरावर) आपटतो. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं.

प्रश्न : आरटीओ आणि विम्याचं काय? (पणजी)

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. फेंडरबाहेर आलेलं चाक लांबूनच दिसतं. बदल विमा कंपनीला लेखी कळवा, लेखी उत्तर घ्या, आणि मूळ रिम-स्प्रिंग विकू नका.