सुनेच्या रिपोर्टमधला ‘मायनर’

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दोघंही थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे ‘मायनर’, म्हणजे नुसते वाहक, निघाले. आयव्हीएफ करून एम्ब्रियो (भ्रूण) तपासून घेतले. सहापैकी एक मेजर, म्हणजे आजार असलेला, चार मायनर आणि एकच पूर्ण निर्दोष आहे. मुलगा म्हणतो, तेवढा एकच ठेवू. तो टिकला नाही तर पुन्हा आयव्हीएफची सायकल करू. शिवाय एवढा खर्च करतोयच तर उंची-बुद्धीचंही बघता येईल का, असं डॉक्टरांना विचारून आलाय. माझे दीर म्हणतात, ही देवाच्या कामात ढवळाढवळ आहे. मी कुणाची बाजू घेऊ?
— एक सासूबाई, कोथरूड

उत्तर : ताई, आधी भाऊजींचं. त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल, तो बघा. तीही देवीच्या कामात ढवळाढवळच होती.

मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. टिळक रस्त्यामागच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघण्यात वर्षं गेली, आणि दर गुरुवारी थॅलसेमियाच्या मुलांच्या वॉर्डात जायचे. साधारण तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. त्या रक्तातून शरीरात साठणारं लोह काढायला रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई आणि पंप. गोळ्या नंतर आल्या. नऊ वर्षांचा एक मुलगा मलाच सांगायचा, ‘डाव्या हाताला नको, तिथल्या शिरा संपल्या.’ त्यामुळे मेजर एम्ब्रियो न ठेवण्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

मला काळजी वाटते ती चार मायनरांची. मायनर म्हणजे आजार नव्हे. हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी माणूस ठणठणीत. तुमची सून मायनर आहे, मुलगाही. आज तो जी चाळणी लावायला निघालाय, ती त्याच्या वेळी असती तर आधी तोच खाली पडला असता. जेवायला बसलात की हे त्याला सांगा. मायनर नातवंड मोठं होऊन लग्नाचं झालं की समोरच्याची एचबीएटूची, म्हणजे मायनर ओळखणारी रक्ततपासणी करायची, संपलं. (वधूवर मंडळांच्या फॉर्मवर गोत्र, नाड, पॅकेज सगळं असतं, हा रकाना मला अजून दिसलेला नाही. एकनाड म्हणून फिसकटलेल्या सोयरिकी मात्र पुष्कळ पाहिल्या.)

आणि ‘पुन्हा सायकल करू’ हे बोलायला सोपं आहे. निर्दोष निघण्याची शक्यता चारात एक, हा हिशेब प्रत्येक एम्ब्रियोला नव्याने लागतो. पुढच्या वेळी निर्दोष एकही निघणार नाही, असंही होऊ शकतं. हार्मोनची इंजेक्शनं मुलाला नाही, सुनेला घ्यायची आहेत.

तुम्ही करताय ती निवड, बदल नव्हे. एम्ब्रियोची जनुकंच बदलण्याचा उद्योग चीनच्या हे ज्यानक्वी (‘हे’ आडनाव) या शास्त्रज्ञाने केला. एचआयव्हीपासून संरक्षण मिळावं म्हणून जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं त्यांनी २०१८मध्ये जाहीर केलं. पुढच्या वर्षी तीन वर्षांची कैद झाली. तो बदल त्या मुलींच्या नातवंडांपर्यंत उतरू शकतो. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१९च्या सूचनांनुसार याला बंदी आहे. रुग्णाच्या स्वतःच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींची जनुकं बदलणं निराळं. थॅलसेमिया आणि सिकलसेल (हाही रक्ताचाच आनुवंशिक आजार) यांवरचा तसा उपचार २०२३मध्ये ब्रिटनने मंजूर केला; अमेरिकेने त्याच वर्षी सिकलसेलसाठी आणि जानेवारी २०२४मध्ये थॅलसेमियासाठी. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. नंदुरबारच्या सिकलसेलवाल्या पोराच्या बापाने हा आकडा ऐकून काय करायचं?

आता उंची. २०२२च्या एका मोठ्या अभ्यासात उंचीशी जोडलेल्या जनुकीय जागा १२ हजारांवर सापडल्या. एवढ्यांतून उंची निवडणार कशी? बुद्धीचं तर विचारूच नका. शिवाय २०२१च्या कायद्याने एम्ब्रियोची तपासणी आजारांपुरतीच करता येते, हौसेसाठी नाही. याबाबतीत आपण महाराष्ट्राने साळसूदपणा दाखवू नये. गर्भ निरोगी आहे ना हे बघायला आलेल्या यंत्रांनी आपण मुली वेचून काढल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये आपणच केला, तरी सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१मध्ये ९१३ असलेल्या मुली २०११मध्ये ८९४वर आल्या. कायदा होता, मशीन होतं, आणि घरात सासूबाईही होत्या.

बाजू कुणाची घ्यायची विचारता. तुमच्या पत्रात मुलाचं मत आहे, दिरांचं आहे. सुनेचं एक वाक्य नाही. तिला विचारलंत का?

प्रश्न : मार्केट यार्डातली वांगी बीटीची असतात, असं शेजारी म्हणतात. चंपाषष्ठीच्या नैवेद्याला चालतील?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : बीटी म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं पीक. बीटी वांग्याला केंद्राने फेब्रुवारी २०१०मध्ये स्थगिती दिली. आपल्या शेतांत मोठ्या प्रमाणावर आहे तो बीटी कापूस, २००२पासून. भरीत खुशाल करा. चिरताना अळी निघाली तर उलट निश्चिंत व्हा. बीटी वांगं काढलं होतं ते त्या अळीला मारण्यासाठीच.