आठ वर्षं जुनी लक्झरी सेदान घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत राहता, मूळ ६० लाखांच्या आसपासची जर्मन डिझेल सेदान ८ वर्षं वापरलेली, १६ लाखांत मिळते आहे. आई-वडिलांना मागे आरामात बसता यावं ही मुख्य गरज. तेव्हा ज्यांनी अशी गाडी वापरली आहे त्यांनी भरवसा, मेंटेनन्स आणि आतलं इंटिरियर यांबद्दल खरं काय ते सांगावं.

मी सहा वर्षं याच वर्गातली गाडी वापरतोय. पुण्यात २०१९ साली घेतली. तेव्हा ती ५ वर्षांची होती, ४६,००० किलोमीटर झाले होते आणि मी १९ लाख मोजले. आज काटा १,०८,००० वर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या एका गाडीच्या दुखण्यावरून कुणाला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि पुढे सांगतोय त्यातलं बरंचसं या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतं.

आधी पैशाचं. गाडीची मी एक वही ठेवली आहे, प्रत्येक बिल त्यात उतरवतो. डिझेल आणि विमा सोडून सहा वर्षांत ७ लाख ४० हजार रुपये गेले. म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ १२ रुपये नुसते देखभालीचे. यात अपघात एकही नाही, हौसेचं कामही काही नाही. तुम्ही १६ लाख देणार असलात तरी पार्टच्या काउंटरवर ती गाडी ६० लाखांचीच असते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या ब्रेक डिस्कची उतरत नाही. म्हणून गाडीचे १६ लाख आणि त्याशिवाय पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवलेले ३ लाख, एवढी तयारी असेल तरच पुढचं वाचा. कर्ज काढून, सगळी शिल्लक ओतून घ्यायची असेल तर माझं उत्तर सरळ ‘नका घेऊ’ असं आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांनी मला आजवर त्रास दिलेला नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असतं असं लिहिलेलं असतं, त्यामुळे कुणी ते बदलतच नाही. पण अनेक लक्झरी गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदला असं सांगते. मी ९०,००० ला बदललं, ३४ हजार लागले. तुम्ही बघताय त्या गाडीचं बदललेलं नसेल तर तो खर्च आजच धरा.

खरं दुखणं रबर आणि प्लॅस्टिकचं असतं. मे २०२२ मध्ये आई-अण्णांना घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो असू, तेवढ्यात समोर लाल अक्षरांत इंजिन बंद करण्याची सूचना आली. बॉनेट उघडलं तर वाफ आणि कूलंटचा तो गोडसर वास. दोन पाइपांना जोडणारा प्लॅस्टिकचा एक सांधा, माझ्या अंगठ्याएवढा, तुटला होता. मेकॅनिकने नंतर तो माझ्या तळहातावर ठेवला आणि नखाने दाबला. बिस्किटासारखा भुगा झाला. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून प्लॅस्टिक असं ठिसूळ होतं, बाहेरून मात्र अगदी धडधाकट दिसतं. सांधा साडेतीन हजारांचा. पण फ्लॅटबेडवरून, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून, गाडी पुण्याला आणणं, थर्मोस्टॅट, नवं कूलंट आणि त्याच वयाचे बाकीचे पाइप धरून ३८ हजार झाले. त्यापेक्षा जास्त लागलं ते हे की दोन म्हातारी माणसं भर उन्हात दोन तास घाटात अडकली. एका टेम्पोवाल्याने त्यांना आपल्या गाडीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. सूचना आल्याबरोबर इंजिन बंद केलं म्हणून इंजिनाचं हेड वाचलं. ‘जरा वरपर्यंत नेऊ या’ म्हणालो असतो तर खर्चात आणखी एक शून्य वाढलं असतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे एअर सस्पेन्शन. माझ्या गाडीला मागच्या दोन चाकांना आहे. स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी फुगा असतो, आणि तो गाडीला जो मऊपणा देतो त्याला खरंच तोड नाही. पण एके दिवशी सकाळी पार्किंगमध्ये बघतो तर गाडी मागून डाव्या बाजूला बसलेली. भोसरीच्या मेकॅनिकने साबणाचं पाणी मारलं, रबराच्या घडीत बारीक बुडबुडे यायला लागले. फुगा थोडा जरी गळत असेल तरी कंप्रेसर ती हवा भरून काढायला सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो. माझं तेच झालं होतं. दोन्ही फुगे आणि कंप्रेसर मिळून १ लाख ६० हजार. वेळेवर फुगे बदलले असते तर कंप्रेसर वाचला असता. तुम्ही बघताय त्या गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर ती रात्रभर उभी राहिल्यावर चारही कोपऱ्यांवर सारख्या उंचीवर आहे का, एवढं बघाच.

यावरूनच सांगतो, ‘फक्त २५,००० चालली आहे, डॉक्टरांची गाडी आहे’ या वाक्यावर भाळू नका. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. त्यातही डिझेल गाडी रोज घर ते दवाखाना अशी तीन किलोमीटर चालली असेल तर एक्झॉस्टमधली काजळी जाळायला लागणारी उष्णता तिला मिळतच नाही. डीपीएफ, म्हणजे ती काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर तो तुंबत जातो. हायवेवर ९०,००० चाललेली आणि सगळी बिलं असलेली गाडी मी डोळे झाकून आधी निवडेन.

टायरचं लवकर सांगतो. यांतल्या काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात, म्हणजे हवा गेली तरी ते काही अंतर चालतात, पण डिकीत स्टेपनी नसते. त्यांच्या बाजूच्या भिंती कडक असतात, त्यामुळे खड्ड्याचा दणका आत बसतो आणि टायर महागही असतात. माझे साधे आहेत, तरी सहा वर्षांत दोन सेट झाले आणि पावसाळ्यात दोनदा टायरला फुगा आला. सोसायटीतले उंच गतिरोधक तिरके घेतो. आता हाताला सवय झाली आहे.

पाण्याचं मात्र नीट ऐका, सांगलीकर म्हणून तुम्हाला महापूर वेगळा सांगायला नको. विम्यात इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेलं इंजिन बहुतेक वेळा धरत नाहीत. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विकत घेताना गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती का हे शोधून काढा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असेल तर तिथूनच परत फिरा.

आता इंटिरियर. मी ही गाडी ठेवून आहे त्याचं कारण मागची सीट आहे. अण्णा ३२ वर्षं एसटीत कंडक्टर होते, उभं राहून राहून कंबर गेली. या गाडीत पाठ टेकायचा कोन, मांडीखालचा आधार आणि आतली शांतता यांनी त्यांना शिरवळ यायच्या आत झोप लागते. पूर्वी कोल्हापूरला पोचल्यावर दुसरा दिवस ते झोपूनच काढायचे, आता संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनाला जातात. आपल्याकडे मागे बसणाऱ्याचा विचार किती होतो हे कंपन्यांनाही कळलं आहे. मर्सिडीझने २०१७ मध्ये ई-क्लास भारतात आणली ती लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, आणि ती चाकणला बनते. फक्त मागच्या सीटसाठी गाडी घ्यायची असेल तर ती यादीत असायलाच हवी.

पण एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. सेदानची सीट खाली असते. आईचे गुडघे दुखतात, तिला बसणं सोपं जातं पण उठणं अवघड. आता ती आधी आडवी बसते, मग दोन्ही पाय एकदम आत घेते, उतरताना उलटं. तुमच्या आई-वडिलांना गाडी बघायला बरोबर न्या आणि तीनदा बसायला-उतरायला लावा. तिसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसतं त्यावर ठरवा. आणि मागे तिघांना बसायचं असेल तर मधल्या माणसाच्या पायाखाली गाडीच्या मधोमध जाणारा मोठा उंचवटा येतो, तेही बघून घ्या.

आतल्या वस्तू टिकतात का? काही फार छान टिकतात, काही नाही. खरं लाकूड आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आजही नव्यासारख्या आहेत. फिकट बदामी लेदरवर जीन्सचा निळा रंग चढतो, दर दोन महिन्यांनी क्लीनर लावून मऊ कापडाने पुसावं लागतं. चकचकीत काळं प्लॅस्टिक सगळ्यात वाईट, धूळ पुसली तरी बारीक ओरखडे उठतात. काही बटणांवर रबरासारखा मऊ लेप असतो, तो आपल्या उन्हात चिकट होतो. छताचं कापड मागच्या काचेजवळ बोटाने हलकं दाबून बघा, गोंद सुटला असेल तर ते आत बुडतं आणि पुन्हा लोंबायला लागतं.

सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असायची, पाकळ्यांनी नळी तुंबली आणि जुलैत पाणी खांबाच्या आतून कार्पेटखाली उतरलं. अशा अनेक गाड्यांत कार्पेटखाली वायरिंग आणि कंट्रोल युनिट असतात. मी दोनच दिवसांत पकडलं म्हणून वाचलो. पुढच्या दोन्ही बाजूंचं कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावा. ओलं किंवा कुबट असेल तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, इलेक्ट्रिकलची दुखणी वर्षभर एकामागून एक निघत राहतात.

जुन्या गाडीचा एक मोठा फायदा म्हणजे तिची बटणं. एसीचं तापमान, आवाज, सगळं रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडतं. मधल्या काळात सगळ्यांनी ते टचस्क्रीनमध्ये घातलं. आता गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आहे. मला याचा मनापासून आनंद झाला.

तुम्हाला दिल्लीची गाडी स्वस्तात दाखवतील. तिथे १० वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तेव्हा बरेच लोक गाडी दहा वर्षांची व्हायच्या आधीच बाहेर विकू लागले. गाडी चांगली असू शकते, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग यांचा खर्च आधी आरटीओत विचारून घ्या, मग स्वस्त आहे की नाही ते ठरवा.

आणि जर्मनच हवी असं नसेल तर कॅमरी हायब्रिड किंवा लेक्सस ईएस ३००एच चालवून बघा. टर्बो नाही, नेहमीच्या ऑटोमॅटिकमधले क्लच पॅक नाहीत, ग्रहमालेसारखी गिअरची रचना आणि मोटर. बिघडायला मुळात जागाच कमी. लेक्ससने १९८९ मध्ये एलएस ४०० ही पहिली गाडी आणली, तेव्हापासून हा भरवसा तिने जपला आहे. एक एलएस ४०० अमेरिकेत दहा लाख मैलांपर्यंत गेली. मला हायवेवरचा जर्मन गाडीचा ठामपणा सोडवत नाही, म्हणून मी तिकडे वळलो नाही. तुमची गरज मागच्या सीटची आहे, तुम्ही वळायला हरकत नाही.

सांगलीहून अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब पडतं ते नकाशावर मोजा. ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढून न्यायची नसते, फ्लॅटबेडच लागतो. वॉरंटी संपल्यावर या गाड्या जाणणारा स्वतंत्र मेकॅनिक आणि त्याच्याकडे त्या कंपनीचं स्कॅनर असणं महत्त्वाचं. तो माणूस आधी शोधा, त्याच्याशी बोला, आणि गाडी त्याच्यासमोरच उभी करा. तीन-चार हजार घेईल, आनंदाने द्या.

गाडी बघायला सकाळी सातला येईन म्हणून सांगा आणि ‘चालू करून ठेवू नका’ असं स्पष्ट बजावा, कारण इंजिनाची दुखणी ते गार असताना चालू केलं तरच कळतात. पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी बघू नका, दुसऱ्या दिवशी न सांगता जा.