पोटनिवडणुकीत 'पोट' कुठून आलं?

चोपड्याकडच्या एका भाऊने विचारलंय की समजा आमदारसाहेब वय झालं म्हणून मधेच रिटायर झाले नि त्यांच्या जागी दुसरा निवडायचाय, तर त्याला 'पोट'निवडणूक काबरं म्हणायचं भो, पोटाचा काय संबंध, बऱ्हाणपूरकडचे उपचुनाव म्हणतात तेच बरं ना?

अरे, तुझ्या सातबाऱ्यावरच बघ ना. पोटखराबा लिहिलेला असतो, म्हणजे गटाच्या आतच असलेली पण लागवडीला न येणारी जमीन, नाला, खडक वगैरे. भाऊभाऊ वेगळे झाले की पडतो तो पोटहिस्सा. पोटमाळा, पोटजात, पोटभाडेकरू, पोटकलम, सगळीकडे तेच, मोठ्याच्या आत बसलेलं छोटं. 'उप' पण आपल्याकडे आहेच, उपसरपंच, उपनदी, पण मला 'पोट' जास्त नेमकं वाटतं कारण ही निवडणूक खरंच आधीच्या मुदतीच्या पोटात असते, निवडून आलेल्याला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, आधीच्याची उरलेली मुदतच मिळते.

आपल्याकडचंच बघा, डिसेंबर 2005 मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेने 10 खासदार काढले, त्यात जळगाव नि एरंडोल दोन्हीकडचे होते, मग दोन्हीकडे पोटनिवडणूक झाली, पण जे निवडून आले त्यांची मुदत बाकीच्यांसारखी 2009 लाच संपली. (एरंडोल मतदारसंघ तर नंतर पुनर्रचनेत गेलाच.)

आता 'रिटायर'चं. बोलताना चालतं, पण विधानसभेचा आमदार कागदोपत्री निवृत्त होत नाही, तो अध्यक्षांकडे राजीनामा देतो, तो मंजूर झाला की जागा रिक्त होते आणि साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर मात्र गरज नाही. निवृत्त होतात ते विधान परिषदेवाले, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश, आणि त्या जागांसाठी होते ती द्विवार्षिक निवडणूक, पोटनिवडणूक नव्हे. मध्यावधी पण वेगळी बरं का, तिथे पूर्ण सभागृहच मुदतीआधी विसर्जित झालेलं असतं, पारावर लोक सर्रास दोन्ही एकच समजतात.

आणि बॅनर छापणाऱ्यांनो, 'पोटनिवडणूक' मधला णू दीर्घ, पण 'पोटनिवडणुकीत' नि 'पोटनिवडणुका' मधला ऱ्हस्व.