कराला कंटाळून जर्मनीला यायचं म्हणता, तर आधी हा हिशेब बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्यात आयटीत आहात, वर्षाचा पगार ३८ लाख, पत्नीही नोकरी करते, मुलगी चार वर्षांची. श्टुटगार्टच्या कंपनीची ७५ हजार युरोंची ऑफर हातात आहे. निघायचं कारणही तुम्ही स्पष्ट लिहिलंय: तीस टक्के कर भरा, वर जीएसटी, रोड टॅक्स भरूनही टोल, आणि बदल्यात खड्डे, टँकर आणि निवडणुकीच्या तोंडावर वाटलेला पैसा. पैसा जिथे नीट वापरला जातो तिथे भरेन, असं तुमचं म्हणणं. मी बरीच वर्षं याच भागात नोकरी करतोय आणि दरवर्षी इथलं रिटर्न भरतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमचा राग खरा आहे. पण तो कराच्या दरावर नाही, असं मला वाटतं. शाळेसाठी कर भरायचा आणि मुलीला खाजगी शाळेत घालायचं. सरकारी दवाखान्यासाठी भरायचं आणि मेडिक्लेम वेगळा काढायचा. पाणीपट्टी भरून टँकरची वर्गणी, पोलिसांसाठी भरून सोसायटीचा वॉचमन. एकच गोष्ट दोनदा विकत घ्यावी लागते, चीड तिची आहे. म्हणून 'तिथे कर किती' यापेक्षा 'तिथे दुसऱ्यांदा काय विकत घ्यावं लागत नाही' हे विचारायला हवं.

आता आकडे. तुम्ही तीस टक्के भरत नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ३८ लाखांच्या पगारावर सेससकट साधारण सव्वासात लाख कर बसतो, म्हणजे एकूण पगाराच्या १९ टक्के. तीस टक्के फक्त २४ लाखांवरच्या रकमेला लागतात.

जर्मनीत लग्न झालेल्या जोडप्याचं उत्पन्न एकत्र धरून, दोघांत अर्धं-अर्धं वाटून कर काढतात. पत्नीची नोकरी इथे लगेच लागली नाही, तर तुम्हाला टॅक्स क्लास ३ मिळेल, म्हणजे दर महिन्याच्या पगारातून कमी कर कापला जाणारा वर्ग. २०२५ च्या दरांनी ७५ हजारांवर प्राप्तिकर साडेआठ हजार युरोंच्या आसपास जाईल, म्हणजे साधारण साडेअकरा टक्के. तुम्ही पुण्यात भरता त्यापेक्षा कमी!

एवढ्यावर खूश होऊ नका. पगाराच्या स्लिपवर कराखाली आणखी चार ओळी असतात: पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणातल्या शुश्रूषेचा विमा. या चार ओळींत जवळजवळ पंधरा हजार युरो कापले जातात. सगळं जाऊन महिन्याला हातात पडतील सुमारे ४,३०० युरो. हाच पगार घेणाऱ्या अविवाहित माणसाच्या हातात ३,८०० पडतात. तुमच्याइतकीच रक्कम कंपनीही वेगळी भरते. तीही धरली, तर सरासरी पगाराच्या एकट्या माणसावरचा बोजा २०२४ मध्ये ४७.९ टक्के होता आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या यादीत फक्त बेल्जियम जर्मनीच्या पुढे होता. शिवाय खरेदीवर १९ टक्के व्हॅट, खाण्याच्या बहुतेक जिनसांवर ७ टक्के, आणि घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ युरो. तेव्हा 'कर कमी' म्हणून इथे येऊ नका. ७५ हजारांना शंभरने गुणून ७५ लाखही म्हणू नका. श्टुटगार्टचं भाडं हातातल्या पगाराचा तिसरा हिस्सा सहज खातं.

पण त्या चार ओळींच्या बदल्यात जे मिळतं, त्यासाठी मी हा देश मानतो. सरकारी आरोग्य विम्यात तुमच्या एकट्याच्या हप्त्यात कमाई नसलेली पत्नी आणि मुलगी, दोघी येतात, एक युरो जास्त न देता. मोठं ऑपरेशन झालं तर आधी डिपॉझिट भरा असं कोणी म्हणत नाही, आणि जुना आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही. आजारी पडलात तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर विमा कंपनी एकूण पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत देते. वर्षभर हप्ते भरलेल्याची नोकरी गेली, तर आधीच्या हातातल्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के काही महिने मिळतात. मुलीसाठी दरमहा पैसे खात्यात येतात, २०२५ मध्ये ते २५५ युरो होते. ती सहा वर्षांची झाली की घराजवळच्या सरकारी शाळेत जाईल, डॉक्टरची मुलं आणि बसचालकाची मुलं जिथे जातात तिथेच, फी न भरता. आयटीतल्या माझ्या ओळखीच्या माणसाला ऐन चाळिशीत गंभीर आजार झाला. वर्षभर तो कामावर जाऊ शकला नाही, पण त्याला घर विकावं लागलं नाही की गावाकडे कोणापुढे हात पसरावा लागला नाही. माझ्या पगारातून कापला जाणारा पैसा मला त्या वर्षी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

पाळणाघराचं मात्र वेगळं आहे. कायद्याने २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला जागेचा हक्क आहे, पण जागा मिळत नाहीत. बर्लिनमध्ये ते मोफत, श्टुटगार्टच्या राज्यात फी आहे. ऑफर स्वीकारताच अर्ज टाका.

सरकारी उधळपट्टीबद्दलचा राग पुण्यात सोडून याल असं वाटत असेल, तर श्टुटगार्टच्या स्टेशनवर उतरल्या उतरल्या तो परत भेटेल. नव्या भुयारी स्टेशनाचं काम २०१० मध्ये सुरू झालं. तेव्हाचा अंदाज चार-साडेचार अब्ज युरोंचा होता, आता तो अकरा अब्जांच्या वर गेलाय. २०१९ मध्ये उघडायचं होतं, पण तारखा पुढेच जाताहेत. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, २०११ मध्ये जनमत घेतलं आणि बहुमताने प्रकल्प चालू राहिला. बर्लिनचा विमानतळ २०११ ऐवजी ऑक्टोबर २०२० मध्ये उघडला. हॅम्बुर्गच्या संगीतगृहाला शहराचे ७७ दशलक्ष युरो लागणार होते, लागले ७८९ दशलक्ष. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग एका रात्रीत कोसळला. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी त्या वर्षी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उशिरा धावल्या. आणि तुमचं वय लक्षात घेता सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पेन्शन: कापलेला पैसा पुरत नाही म्हणून केंद्राच्या तिजोरीतून दरवर्षी शंभर अब्जांहून जास्त युरो तिकडे वळवावे लागतात, कारण म्हातारे वाढताहेत आणि भरणारे कमी होताहेत. ही खिंड तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्या तरुण पगारदारांनी लढवावी, अशी अपेक्षा आहे.

खर्चावरून इथे सरकारंही पडतात. २०२३ च्या नोव्हेंबरात घटनात्मक न्यायालयाने सरकारने बजेटमध्ये केलेली ६० अब्ज युरोंची फिरवाफिरव बेकायदा ठरवली. वर्षभरात बजेटच्या भांडणातून आघाडी मोडली. मग मार्च २०२५ मध्ये राज्यघटना बदलून पायाभूत कामांसाठी ५०० अब्जांच्या कर्जाची वाट मोकळी केली. करदात्यांची संघटना वाया गेलेल्या पैशाचं 'काळं पुस्तक' दरवर्षी छापते आणि त्यातली उदाहरणं वाचून माझे सहकारी तुमच्याइतकेच चिडतात. बेकारांना मिळणाऱ्या मदतीवर कँटीनमध्ये जे बोललं जातं, ते तुम्ही 'लाडकी बहीण'वर लिहिलंय त्याहून फार वेगळं नसतं.

त्याबद्दल माझं मत सांगतो, पटलं नाही तरी चालेल. दरमहा दीड हजार देण्याऐवजी शाळा-दवाखाने सुधारावेत, हे मलाही वाटतं. पण 'आम्ही भरतो आणि ते खातात' ही मांडणी चूक आहे. ते दीड हजार घेणारी बाईही मोबाइलच्या रिचार्जवर, चपलेवर, रिक्षाच्या इंधनावर कर भरते, फक्त तिला कर कापल्याचा फॉर्म सोळा मिळत नाही.

आणखी एक, जे येणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इथे पहिल्या महिन्यापासून तुमचा कर कापला जाईल, पण मत देता येणार नाही. नागरिकत्वासाठी किमान पाच वर्षं लागतात आणि ते घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. तिकडे मताचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल, आणि पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक बजेट करत होता, हे मला माहीत आहे. तरीही तुम्हाला तिथे माहितीचा अधिकार टाकता येतो, वॉर्डात जाऊन जाब विचारता येतो, भाषा तुमची आहे. इथे ती ताकद यायला फार वर्षं जातात. मला स्वतःला ही उणीव करापेक्षा जास्त टोचते.

तरी यायचं ठरलं, तर तारीख जपून निवडा. नोकरीसाठी निघताना त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तुम्ही अनिवासी ठरता, म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघणं सोयीचं. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आणि त्याच वर्षात येण्याआधी भारतात कमावलेलं उत्पन्न इथला दर ठरवताना मोजलं जातं. त्यावर कर बसत नाही, पण दर चढतो. एनआरई खात्याचं, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ते दाखवावंच लागतं. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात, तेव्हा 'कोणाला कळतंय' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पत्ता नोंदवताना धर्म विचारतात तो चर्चच्या करासाठी. तुम्हाला तो लागू नाही, पण वसईचे कोणी ख्रिस्ती मित्र येणार असतील तर त्यांना सांगून ठेवा, श्टुटगार्टच्या राज्यात तो प्राप्तिकराच्या ८ टक्के असतो. पेन्शनचे हप्ते ६० महिने पूर्ण झाले की हक्क पक्का होतो. त्याआधी परतलात तर दोन वर्षांनंतर काही अटींवर फक्त तुमचा हिस्सा परत मागता येतो.

सगळ्यांत आधी मात्र पत्नीशी बसून बोला. वर मांडलेला ४,३०० चा हिशेब ती घरी असेल असं धरून केलाय. ती नोकरीला लागली की तुम्ही क्लास ३ मध्ये राहिल्यास ती क्लास ५ मध्ये जाते आणि तिच्या पगारातून दर महिन्याला भसाभस कापलं जातं. वर्षाच्या रिटर्नमध्ये जुळवाजुळव होते, पण स्लिप तिच्या नावाची असते. दोघांनाही क्लास ४ घेता येतो, तो घ्या. आणि जर्मन न येता तिच्या क्षेत्रात श्टुटगार्टमध्ये काम मिळतं का, हे ऑफरवर सही करण्याआधी शोधा. तिचं क्षेत्र तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही. ते कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.