गोदामातला ब्रंच : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या गोदामांत थाटलेल्या कॅफेंबद्दल गोव्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतल्या पाचांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न (फोंडा) : रविवारी अकराला गेलो, पाऊण तास बाहेर ताटकळलो. एग्ज बेनेडिक्ट (पावावर पाण्यात शिजवलेलं अंडं, वर लोण्याचा हॉलंडेज सॉस) आलं ते कोमट. सॉसमधून तूप सुटलेलं, अंड्याचा बलक घट्ट. एवढे पैसे मोजून असं का? परत पाठवलं तर चालतं का?

बेशक पाठवा, पण पहिल्या दोन घासांतच. अर्धी बशी संपवून केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही.

आता कारण. गर्दीच्या दिवशी अंडी आधीच पोच करून (कवच फोडून गरम पाण्यात शिजवून) बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की मिनिटभर गरम पाण्यात सोडतात. यात फसवणूक काही नाही, मोठमोठ्या हॉटेलांतही हेच चालतं. पण ते पाणी उकळत असेल तर बलक शिजून घट्ट होतो, आणि पुरेसं गरम नसेल तर अंडं आतून गार राहतं. हॉलंडेज सॉस त्याहून नाजूक. अंड्याचा बलक आणि वितळलेलं लोणी यांचं ते मिश्रण, साधारण 60 अंशांच्या आसपासच सुखी असतं. फार तापलं की बलकाच्या गुठळ्या होतात आणि लोणी वेगळं होतं. गार झालं की लोणी थिजतं. सकाळी एकदाच केलेला सॉस गर्दीच्या वेळेपर्यंत गरम पाण्यावर ठेवला, की तुमच्या बशीत आला तसाच येणार.

बशीत तूप नव्हे तर पाणी साचलं असेल, तर दोष सॉसचा नाही. अंडं निथळून न घेता पावावर ठेवलेलं असतं. वेटरला ‘बरोबर नाही’ एवढंच न सांगता ‘सॉस फुटलाय’, ‘बलक वाहता हवा होता’ असं नेमकं सांगितलं की आत निरोप नीट पोचतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कॅफे उघडल्यावर पहिल्या तासाभरात जाणं. सॉस ताजा असतो आणि तव्यापाशी धावपळ सुरू झालेली नसते. अकरानंतरच जमत असेल तर शक्शुका मागवा. टोमॅटोच्या रश्श्यात त्याच तव्यात अंडी शिजतात आणि तवाच टेबलावर येतो, त्यामुळे गार व्हायची भीती नाही. गरोदर बायका, लहान मुलं आणि अशक्त वडीलधारे यांच्यासाठी मात्र वाहता बलक आणि हॉलंडेज दोन्ही नकोत. त्यांना नीट शिजलेलं ऑम्लेट द्या.

प्रश्न (डिचोली) : सासूबाई कानाला यंत्र लावतात. अशा जागी त्यांना काहीच ऐकू येत नाही. कुठे बसवावं?

चिऱ्याच्या भिंती, गुळगुळीत सिमेंटची जमीन आणि वर पत्रा : आवाज शोषणारं काहीच नाही. लोक एकमेकांवर ताण करून बोलतात आणि गलका वाढत जातो. मधलं टेबल टाळा, कॉफीच्या यंत्राजवळचं तर नकोच. माळा काढलेला असेल तर त्याच्या खालचा कोपरा घ्या. छत ठेंगणं असतं आणि बहुधा गादीचा सोफाही असतो. माळ्यावर जाऊ नका, उष्णता आणि आवाज दोन्ही वर चढतात.

समोरून येणारा आवाज जास्त उचलणारं यंत्र असेल तर गर्दीकडे पाठ आणि बोलणारा समोर, अशी बैठक ठेवा. पावसाळ्यात पत्र्याखाली अस्तराचं छत आहे का ते आधी विचारा, नाहीतर आषाढातली एक सर आली की गप्पा बंद. आणि एक गोष्ट फोनवरच विचारून घ्यावी : गोदामांचा ओटा पुष्कळदा ट्रकच्या हौद्याच्या उंचीचा असतो. रॅम्प नसेल तर गुडघ्यांची परीक्षाच.

प्रश्न (मडगाव) : सोमवारी आमचं शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. तिथे काय खावं?

हिरव्या ठिपक्यावर सगळं सोडू नका. मश्रूम बेकनच्याच तव्यावर परतलेले असू शकतात, बटाट्याच्या कापांचं तेल कोळंबीचंही असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही म्हणजे खारवलेली मासळी असते. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने लावतात. म्हणून ‘व्हेज आहे ना?’ एवढ्यावर न थांबता ‘तवा वेगळा आहे का, तेल वेगळं आहे का?’ असं विचारा. फळं, ग्रॅनोला, दही, टोस्टवर अ‍ॅव्होकाडो हे बिनघोर. पॅनकेक आणि वॉफलमध्ये बहुधा अंडं असतंच.

प्रश्न (पणजी) : बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार हा चार्ज आपोआप लावता येत नाही. 2,000 रुपयांच्या खाण्यावर 5 टक्के जीएसटी धरून 2,100 होतात; सर्व्हिस चार्ज घातला की जीएसटी त्याच्यावरही लागतो आणि रक्कम 2,310 वर जाते. काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. दारूवर जीएसटी नसतो, तेही बिलात तपासा. सेवा आवडली असेल तर टीप वेगळी, हातात द्या.

प्रश्न (म्हापसा) : पोई (कोंड्याचा गोवन पाव) आणि चोरीस (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज) घालून एग्ज बेनेडिक्ट घरी कसं करावं?

दोघांसाठी पोई 2, चोरीस 100 ग्रॅम, अंडी 4, सॉससाठी वेगळे 2 बलक आणि लोणी 100 ग्रॅम.

चोरीसची साल काढून मांस मोकळं करा. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवा, तेल नको. सुटलेल्या चरबीत पोईचे अर्धे भाग आतल्या बाजूने शेका. पोई सकाळी पोदेर (पाववाला) देऊन जातो ती घ्या, कालची चिवट होते.

सॉससाठी बलक, 1 मोठा चमचा पाणी आणि लिंबाऐवजी 1 छोटा चमचा माडाचं व्हिनेगर एकत्र करून भांडं मंद उकळत्या पाण्यावर धरा. बूड पाण्याला लागू देऊ नका. तीनचार मिनिटं फेटल्यावर दाटसर झालं की वितळलेलं लोणी आधी थेंबथेंब, मग बारीक धारेने घाला. फाटायला लागलं तर चमचाभर गरम पाणी घालून जोरात फेटा. मीठ शेवटी चाखूनच घाला, चोरीस मुळातच खारट असतो.

अंडं बारीक जाळीच्या गाळणीत फोडा म्हणजे पातळ पांढरं गळून जातं आणि पाण्यात धागे पसरत नाहीत. लिटरभर पाण्यात 1 मोठा चमचा व्हिनेगर घाला, खळखळ नको, बारीक बुडबुडे पुरेत. साडेतीन मिनिटांत काढा, स्वच्छ फडक्यावर टेकवून पाणी टिपा. पोईच्या एकेका अर्ध्यावर आधी चोरीस, मग अंडं, वर सॉस. चोरीस अगोदर रचून ठेवलात तर चरबी पोईत मुरते आणि खालचा कोंडा ओला होऊन सुटतो, म्हणून अंडी पाण्यातून बाहेर काढल्यावरच मांडायला घ्या.