ठरल्या वेळी उठ

बाळा,

रविवारी तुझ्या अभ्यासिकेतून निघालो आणि रात्रभर तुझाच चेहरा डोळ्यांपुढे राहिला. दुपारचे तीन वाजून गेलेले, मेसचा डबा टेबलाखाली तसाच, झाकणाला तेल थिजलेलं. समोर चिकटवलेलं वेळापत्रक: पहाटे पाच ते रात्री एक. मी सहज विचारलं, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती कधीची? तू 1992 म्हणालास, मग 1993, मग परत 1992, आणि तुझे डोळे भरून आले. अरे, दोन्ही बरोबर होतं! दुरुस्ती 1992 ची, लागू झाली 24 एप्रिल 1993 पासून. तुला येत होतं रे. थकलेलं डोकं येत असलेल्या गोष्टीवरही भरवसा ठेवत नाही. आणि एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत एक उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात, हे तुला मी सांगायला नको.

मेहनतीबद्दल मी बोलत नाही, ती तू करतोसच. माझं म्हणणं एवढंच: ठरल्या वेळी उठ. धडा अर्धा राहिला तरी उठ.

मीही सोळा-सोळा तास बसायचो. खोलीतली मुलं दिवा मालवून झोपायची, मला वाटायचं, ही मागे पडणार. परीक्षेच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत वाचत होतो. सकाळी उत्तरपत्रिकेत एक्केचाळीसचा गोळा बेचाळीसपुढे रंगवला आणि तिथून सगळी उत्तरं एकेक घर खाली सरकली. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा कळलं. शाईचे गोळे खोडता येत नाहीत. पुढे वयाची अट आडवी आली. पण त्याहून जास्त सलतं ते वेगळंच. त्या वर्षी वडील गावाहून दोनदा भेटायला आले, आणि मी दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून तासाभरात स्वारगेटला एसटीत बसवून दिलं.

तू म्हणशील, काका, बाकीचे बसलेत ना. बसू देत! वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्री दहाला चहा घेतलास तर त्यातलं निम्मंअधिक कॅफिन मध्यरात्रीही अंगात असतं, मग पडल्या पडल्या छताकडे बघतोस. आणि दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळायचं, उरलेला दिवस मोबाईलवर घालवायचा, याला मी संतुलन म्हणत नाही. रोज ठरल्या वेळी बस, रोज ठरल्या वेळी उठ.

मार्चअखेरीला आमच्या ऑफिसात सगळे मध्यरात्रीपर्यंत थांबतात. मी सातला उठतो. साहेब नाराज झाले, एकदा बढतीही हुकली, घरच्यांनीही ऐकवलं. ऐकवू देत. माझ्या फायलीत आजवर बेरीज चुकलेली नाही. आणि आई अंथरुणाला खिळली ती शेवटची दोन वर्षं तिला रोज संध्याकाळी माझ्या हातचा मऊ भात मिळाला. सातला उठलो नसतो तर कोणी भरवला असता? मी चुकलो असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

आज रात्री साडेदहाला पुस्तक मीट. ओळ अर्धी असली तरी मीट, पेन्सिलीची खूण करून ठेव. डबा गरम असताना जेव.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला सारसबागेच्या दाराशी ये. दोन फेऱ्या मारू, मग घरी पिठलं-भाकरी. पुस्तक आणू नकोस.

तुझा,
काका