रेंज दिसते, मग उपकरण ऑफलाइन का?

प्रश्न : द्राक्षबागेत ठिबकसाठी वायफायचा कंट्रोलर ऑक्टोबरमध्ये बसवला, तेव्हा छान चालला. डिसेंबर लागल्यापासून सारखा ऑफलाइन जातो. राऊटर घरात आहे, अंतर साठेक मीटर. दुकानदार म्हणतो, राऊटर बदला. बदलू का? – एक बागायतदार, तासगाव

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही कंट्रोलर बसवला तेव्हा ऑक्टोबर छाटणी झालेली होती, बाग उघडी होती. आता मांडव पानांनी गच्च भरला आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पानांतलं पाणी शोषून घेतं. दव पडलेल्या सकाळी किंवा फवारणीनंतर त्रास जास्त होत असेल, तर निदान पक्कं समजा. लोखंडी अँगल आणि तारा त्यात भर घालतात.

आधी मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं अ‍ॅप घ्या आणि कंट्रोलरच्या पेटीला फोन टेकवून सिग्नलचा आकडा पाहा. आकडा उणे असतो, म्हणजे उणे ६० हे उणे ७५ पेक्षा बरं. उणे ६७ पर्यंत निर्धास्त राहा. उणे ७५ ला कसंबसं चालतं, उणे ८० च्या खाली जोडणी तुटणारच. फोन पेटीच्या बाहेर असतो आणि कंट्रोलरचा अँटेना बहुधा आत, म्हणून फोनच्या आकड्यातून आणखी ८-१० वजा धरा. राऊटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सिग्नल दिसत असेल तर तोच खरा मानावा, कारण तो कंट्रोलरकडून राऊटरपर्यंत पोचलेला असतो.

पेटी पत्र्याची असेल तर अँटेना बाहेर काढल्याशिवाय बाकी सगळे उपाय वाया. तो मांडवाच्या वर, जमिनीपासून तीनेक मीटरवर, उभा लावा. केबल मात्र आखूड ठेवा, बारीक केबल मीटरमागे साधारण २ डेसिबल, म्हणजे त्या आकड्यातले २, खाते. तरीही आकडा सुधारला नाही, तर घराच्या बागेकडच्या भिंतीवर बाहेरचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) बसवा. ‘५ गिगाहर्ट्झचा घ्या, लांब जातो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो कमी लांब जातो, आणि स्वस्त कंट्रोलर बहुतेक त्याला जोडलेच जात नाहीत.

प्रश्न : लाइट जाऊन आली की स्मार्ट प्लग परत जोडलाच जात नाही, दर वेळी रीसेट करावा लागतो. फोनला वायफाय मात्र लगेच मिळतं. – एक वाचक, सातारा

उत्तर : प्लग काही सेकंदांत जागा होतो; राऊटर आणि फायबरचा डबा यांना एक-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात काही प्लग दोन-चार प्रयत्न करून गप्प बसतात. राऊटर चालू ठेवून फक्त प्लग काढून परत लावा. जोडला गेला, तर दोष या क्रमाचाच. राऊटरला छोटा डीसी यूपीएस (लाइट गेली तरी राऊटर चालू ठेवणारी बॅटरी) लावा. घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुधा १२ असतात.

नाही जोडला गेला, तर राऊटर बंद करा आणि फोनच्या हॉटस्पॉटला हुबेहूब तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, २.४ गिगाहर्ट्झवर. इथे रीसेट न करता प्लग जोडला गेला, तर तो निर्दोष आहे. मग राऊटरमध्ये दोन गोष्टी बघा. चॅनल ‘ऑटो’वर असेल तर तो १२ किंवा १३ वर जाऊ शकतो, आणि काही उपकरणांना ११ च्या पुढचं दिसत नाही; म्हणून १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत) असेल तर जुनी डब्ल्यूपीए२ सुद्धा चालू करा.

प्रश्न : आम्ही ईएसपी३२ या वायफायच्या छोट्या मोड्यूलवर पंप कंट्रोलर बनवतो. टेबलावर पास, शेतात नापास. पाठवण्याआधी काय तपासावं? – एक लघुउद्योजक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : टेबल राऊटरपासून दोन मीटरवर असेल तर तिथे सिग्नल उणे ३५-४० मिळतो. त्यात नापास व्हायला काही उरतच नाही. जिथे उणे ७५ मिळतं अशी जागा शोधा, अंतिम पेटीत, झाकण लावून माल तिथे ठेवा आणि सेकंदाला एक असे हजार पिंग (उत्तर येतं का हे पाहणारे छोटे संदेश) पाठवा. उत्तराचा वेळ शंभर-दोनशे मिलिसेकंदांत वरखाली झाला तर घाबरू नका, वीज वाचवण्यासाठी मोड्यूल मधूनमधून डुलकी घेतं. किती पिंग हरवले, ते पाहा.

आमच्या मते खरा चोर बहुतेक वेळा पॉवर सप्लाय असतो. वायफायवर पाठवताना हे मोड्यूल एकदम मोठा करंट ओढतं, म्हणून ३.३ व्होल्टचा सप्लाय किमान ५०० मिलिअँपिअरचा हवा आणि मोड्यूलला लागून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. काँटॅक्टर (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) पन्नास वेळा ओढून-सोडून ऑसिलोस्कोपवर ३.३ ची रेघ बघा. ती खचत असेल तर मोड्यूल रीसेट होतं आणि शेतकऱ्याला ते ‘नेट गेलं’ असं दिसतं. काँटॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारा भाग) लावा.

जोडणी तुटल्याचं कारण लॉगमध्ये, म्हणजे मोड्यूलच्या नोंदींत, आकड्याने साठवा : २०० म्हणजे राऊटरचे संकेत येणं थांबलं, २०१ म्हणजे त्या नावाचं नेटवर्कच सापडलं नाही, १५ म्हणजे बहुधा पासवर्ड चुकला. तक्रार आल्यावर हाच आकडा विचारा, चक्कर वाचेल.

शेवटी राऊटर चालू ठेवून फक्त इंटरनेटची वायर काढा. त्या अवस्थेत टायमर चालला पाहिजे आणि पेटीवरच्या बटणाने पंप बंद झाला पाहिजे. हे जमत नसेल तर माल पाठवू नका.